शेड पाडू नका, पण तिच्यात झोपूही नका

पिंपरी-चिंचवडमध्ये एखादी कंपनी बंद पडली की पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी भोंगा थांबतो, मग कँटीन, आणि सगळ्यात शेवटी गेटवरचा वॉचमन. कारण त्याचा पगार थकला तरी त्याची खुर्ची कुणी नेलेली नसते. काही वर्षं आवारात सुबाभूळ माजते. मग एके दिवशी कंपाउंडला हिरवा पत्रा लागतो आणि त्यावर एक कुटुंब अवतरतं: सूट घातलेला बाप, मोकळ्या केसांची आई, एक मुलगा, एक मुलगी आणि लॅब्राडॉर. हे कुटुंब शहरात प्रत्यक्ष कुणाला भेटलेलं नाही, पण भोसरीपासून रावेतपर्यंत प्रत्येक प्रकल्पात त्यांचं बुकिंग आधीच झालेलं असतं. आजवर या मंडळींना जुन्या कारखान्याचं सोयरसुतक नव्हतं. शेड भंगारात जायची, ट्रस किलोवर विकले जायचे आणि रिकाम्या जमिनीवर बावीस मजले उभे राहायचे. हल्ली मात्र वेगळी हवा आहे. जुनी गोदामं पाडायची नाहीत, त्यांच्यातच घरं, दुकानं, ऑफिसं असं सगळं नांदवायचं. याला मिक्स्ड युज म्हणतात. सोबत न्यूयॉर्क-लंडनचे फोटो असतात. उघड्या विटा, छतावरून धावणारे पाइप, गंजलेला खांब आणि खांबाला टेकून ठेवलेला, त्या खांबापेक्षा महाग सोफा. आपल्याकडे उघड्या विटा दिसल्या की प्लास्टरपर्यंत येऊन पैसे संपले असं समजतात, हा भाग सोडून देऊ. कल्पना टाकाऊ नाही, फक्त उलटी धरली आहे. माझं म्हणणं असं की शेड जरूर राखावी. मात्र घरं तिच्या बाहेर बांधावीत आणि 'मिक्स्ड' म्हणून जे जे काही असेल ते सगळं तिच्या आत घालावं.

शेड राखावी, कारण या शहराकडे दुसरं जुनं फारसं काही नाही. मोरया गोसावींचं चिंचवड सोडलं तर इथे कारखाने आधी आले आणि नगरपालिका मागाहून. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना 1954 सालची. एमआयडीसी 1962 ची, आणि त्याच दशकात आकुर्डीला बजाजच्या स्कूटर आणि पलीकडे टेल्को. नगरपालिका 1970 साली आली आणि तिची महापालिका झाली 1982 मध्ये. म्हणजे महापालिकेने घरपट्टीचं पहिलं बिल काढलं त्याच्या पाव शतक आधीपासून पिंपरीत पेनिसिलिन तयार होत होतं. पुण्यात वाडा पाडायचा झाला तर निदान चार लोक पत्र लिहितात. इथे शेड पाडली तर कुणी लिहीत नाही, कारण पत्र लिहू शकणारे बहुतेक लोक त्या शेडमध्ये आठ तास उभे राहून थकलेले असतात. आणि जुनी शेड ही नुसती पत्र्याची टपरी नव्हे. नॉर्थ लाइट ट्रसची शेड पाहा. छप्पर करवतीच्या दातांसारखं, प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची आणि ती काच उत्तरेकडे तोंड करून. आपल्याकडे ऊन वर्षातला बहुतेक काळ दक्षिणेकडून कललेलं येतं, त्यामुळे उत्तरेच्या काचेतून उजेड आत येतो आणि झळ बाहेर राहते. लेथवर बसवलेल्या जॉबवर सावली पडू नये, टर्नरला मापं नीट दिसावीत, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. आज याच उत्तरेच्या तोंडासाठी लोक वास्तुशास्त्रज्ञाला पैसे मोजतात आणि वर दोन लाख जास्त देऊन फ्लॅट बदलून घेतात. साठ वर्षांपूर्वी साध्या फिटरला कुबेराची दिशा कंपनीच्या खर्चाने मिळत होती.

मग त्याच उजेडात राहायला काय हरकत? हरकत भूमितीची आहे. न्यूयॉर्कच्या सोहो भागात ज्या गोदामांची घरं झाली त्या पाच-सहा मजली, अरुंद, रस्त्याकडे उंच खिडक्या असलेल्या इमारती होत्या. माल वरच्या मजल्यावर चढवायचा आणि उजेडात तपासायचा, म्हणून खिडक्या मोठ्या. माल गेला, खिडक्या राहिल्या, आणि स्वस्तात जागा शोधणारे चित्रकार आत शिरले. 1971 मध्ये शहराने त्यांना परवानगी दिली, पण तिथे राहायचं तर आपण कलाकार आहोत हे सरकारी खात्याकडून प्रमाणित करून घ्यावं लागे. ही तरतूद आपल्याकडे आणली तर कलाकार असल्याचा दाखला नगरसेवकाच्या लेटरहेडवर किती वेगाने मिळेल, याची कल्पना करावी. अख्ख्या चिखलीत अभियंता शिल्लक राहणार नाही. असो. आपली शेड एकमजली, रुंद आणि पसरट. समजा ती चाळीस मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब आहे. राहत्या खोलीला बाहेरच्या हवेवर उघडणारी खिडकी लागते, हे बांधकाम नियमावलीही सांगते आणि फुप्फुसंही. शेडच्या कडेने एकेक रांग फ्लॅटची बसेल, त्यांना खिडक्या मिळतील. मधल्या वीसेक मीटरच्या पट्ट्यात जे राहतील त्यांना सकाळ झाली हे मोबाइलवरून कळेल. चाकणच्या नव्या गोदामांत तर ही कडही उपयोगाची नाही, कारण तिथे भिंत म्हणजे पत्रा आणि उघडझाप म्हणजे शटर. बाल्कनीऐवजी लोडिंग डॉक मिळेल. पाहुणे आले की त्यांनी रिव्हर्समध्ये यावं. शिवाय मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी काय होतं हे वेगळं सांगायला नको, आणि जुलैमध्ये त्याच पत्र्यावर पाऊस पडू लागला की नवरा-बायकोचं भांडणसुद्धा खुणांनी करावं लागेल. (शांततेच्या दृष्टीने ही एक जमेची बाजू धरता येईल.) छतावरचा टर्बो गरगर फिरून हवा बाहेर ओढतो खरा, पण तो शेडची हवा ओढतो. तुमच्या बेडरूमला जिप्समचं छत घातलं की तुमचा आणि टर्बोचा संबंध संपला.

हवेचा विषय निघालाच आहे तर एक आकडा सांगण्यासारखा आहे. 1948 च्या कारखाने कायद्याने कामगारामागे किमान 14.2 घनमीटर जागा ठरवून दिली. आणि मालक लोक छत उंच करून आकडा फुगवतील हे कायदा करणाऱ्यांना आधीच ठाऊक असावं, म्हणून 4.2 मीटरच्या वरची हवा हिशेबात धरायची नाही, असंही त्यांनी लिहून ठेवलं. आता हाच कामगार सुट्टी झाल्यावर कुठे जातो ते पाहा. महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी. चाकणच्या भोवतीच्या कुठल्याही गावात जा, 'रूमा भाड्याने देणे आहे' ही पाटी दिसेल. दहा बाय दहाची खोली, नऊ फूट उंच. नऊशे घनफूट, म्हणजे साधारण साडेपंचवीस घनमीटर. आत चार पोरं, कॉट बेसिसवर. माणशी सव्वासहा ते साडेसहा घनमीटर आले. म्हणजे मशिनशेजारी उभं असताना कायद्याने ज्याला चौदा घनमीटर हवा दिली, त्यालाच झोपताना तिच्या निम्मीही मिळत नाही. बरं, एक पोरगा फर्स्ट शिफ्टला गेला की त्याच कॉटवर थर्ड शिफ्टवाला आडवा होतो, त्यामुळे गादी कधी गार होत नाही. या कायद्यात आणखीही चैनी होत्या. अडीचशेच्या वर कामगार असले तर कँटीन, तीसपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असल्या तर पाळणाघर. सहाशे फ्लॅटच्या सोसायटीवर असली कुठलीच सक्ती नाही. तिथे पाळणाघर म्हणजे आजी, आणि आजी गावाला गेली की सुट्टी. सांगायचा मुद्दा असा की कारखान्याकडून घरांनी काही शिकायचंच असेल तर उघडे पाइप आणि गंजके खांब यांच्या आधी शिकण्यासारखं बरंच आहे.

कुणी म्हणेल, शेडमध्ये राहणं इतकं अशक्य असतं तर लोक राहतात कसे? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर हसण्यासारखं नाही. मिक्स्ड युज या शहरात केव्हापासूनच आहे, फक्त त्याला आर्किटेक्ट नाही. खाली गाळा, वर पोटमाळा. पुढे दुकान, मागे संसार. दिवसा पॉवर प्रेस, रात्री त्याच्याशेजारी हेल्परची पथारी. अशा बांधकामांवर महापालिकेने वर्षानुवर्षं शास्तीकर लावला, निवडणुकांनी तो जगवला, आणि 2023 मध्ये सरकारने तो माफ केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चिखलीतल्या पूर्णानगरात एका हार्डवेअरच्या दुकानाला पहाटे आग लागली आणि आत झोपलेल्या एकाच कुटुंबातल्या चौघांचा जीव गेला. शटर एकच होतं. त्यानंतर फेब्रुवारी 2025 मध्ये कुदळवाडीत भंगाराची गोदामं, वर्कशॉपं आणि त्यांच्या पोटात राहणारे संसार अशी हजारो बांधकामं काही दिवसांत जमीनदोस्त झाली. आत किती माणसं राहत होती, हे जेसीबी आल्यावर बाहेर पडलेल्या गॅस सिलिंडरांवरून कळत होतं. तेव्हा लोक गोदामात राहतात हे खरं. पण ते राहतात म्हणून राहण्याजोगं ठरत नाही. ज्यांना तिथे नाइलाजाने झोपावं लागतं त्यांच्याकडे पाहून 'लॉफ्ट लिव्हिंग' म्हणणं जरा निर्लज्जपणाचं आहे. आणि मुंबई-पुणे रस्त्यावर ज्याला लॉफ्ट म्हणून चौरस फुटाला चढा भाव मिळतो, त्याच पोटमाळ्याला दोन किलोमीटर आत गेल्यावर नोटीस मिळते, हेही ध्यानात ठेवावं.

आता शेडमध्ये काय असावं ते सांगतो. पुण्यात स्टेशनच्या बाजूला राजाबहादूर मिल पाहा. एकोणिसाव्या शतकातली कापडगिरणी, आज तिच्या जुन्या शेडमध्ये खाणं-पिणं आणि गाणं-बजावणं चालतं. लोक तिथे येतात, बसतात, उठतात आणि झोपायला घरी जातात. शेडची मूळ सवयच ती आहे: पाळी संपली की घरी जाणं. चिंचवडला एल्प्रो कंपनीचा कारखाना तारांवर पडणाऱ्या विजेपासून यंत्रणा वाचवणारी उपकरणं बनवत असे; त्या आवारात आज मॉल आहे. परदेशातलं उदाहरण हवं असेल तर व्हिएन्नाचं घ्या. तिथे 1890 च्या दशकातल्या चार अजस्र गॅसटाक्या होत्या. त्यांची विटांची कवचं राखली, आतला सगळा लोखंडी पसारा काढला, मध्ये अंगण मोकळं ठेवून 2001 पर्यंत शेकडो फ्लॅट बांधले. खाली दुकानं, मध्ये ऑफिसं, वर घरं. पण तिथेही खरं काम जुन्या कवचाच्या आत नवी इमारत उभारून तिला उजेड द्यायचं होतं. टाकीत कुणी सतरंजी अंथरली नाही. आपल्या सोसायट्यांना कशाची चणचण आहे? घरांची नाही, घरं विकली जातात. चणचण आहे ती खांब नसलेल्या, छप्पर असलेल्या मोठ्या जागेची. गणपती बसवायचा तर पार्किंगमधल्या गाड्या हलवा, हळदीकुंकवाला पोडियमवर मांडव घाला, मुलांचं वक्तृत्व लिफ्टच्या लॉबीत, आणि सर्वसाधारण सभेला कोरम भरला तर खुर्च्या नाहीत, खुर्च्या भरल्या तर कोरम नाही. शेडमध्ये हे सगळं एकाच वेळी मावेल. भाजीची मंडई, अभ्यासिका, पाळणाघर, दवाखाना, लग्नाचा हॉल, एका कोपऱ्यात चार खरीखुरी वर्कशॉपं. शेडमध्ये पाच टनांची क्रेन असते, ती तर काढूच नये. दरवर्षी मूर्ती एक फुटाने वाढवणाऱ्या मंडळांचा प्रश्न तिने कायमचा सुटेल.

बिल्डर इथे घसा साफ करील. एकमजली शेड राखणं म्हणजे एवढ्या जमिनीवरचा एफएसआय वाया घालवणं, असं त्याचं म्हणणं. पण एफएसआय जमिनीला चिकटलेला असतो, तो शेडच्या बाजूला उंच उभा करता येतो. मोठ्या भूखंडावर घरं बांधायची तर मोकळी जागा आणि अॅमेनिटी स्पेस तशीही सोडावी लागते. आज त्या जागेवर काय होतं, तर कोपऱ्यातला चिंचोळा तुकडा सोडतात, त्यावर दोन झोके आणि 'ज्येष्ठ नागरिक कट्टा' अशी पाटी लावतात. शेड हीच अॅमेनिटी धरली तर बिल्डरचा पाडायचा खर्चही वाचेल. यावर मुंबईतले जाणकार हात वर करतील, आणि त्यांचा आक्षेप बिल्डरच्या आक्षेपापेक्षा वजनदार आहे. 1991 च्या नियमाप्रमाणे बंद गिरण्यांच्या जमिनीतला एकेक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेला आणि म्हाडाच्या घरांना जायचा होता. 2001 मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करायची ठरली. ज्यावर शेड उभ्या होत्या ती जमीन वाटणीतून सुटली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. शेडने अशा रीतीने मालकाची जमीन वाचवली आणि मग शेडही गेली. राहिलं काय, तर मॉलच्या आवारात एखादी चिमणी, सेल्फीसाठी. म्हणूनच अट अशी हवी की राखलेली शेड क्लब हाउस होऊन सोसायटीच्या कुलपात जाता कामा नये. ती महापालिकेच्या ताब्यात, रस्त्याकडे दार उघडून असावी. आणि कामगारांची देणी भागली असं कामगार आयुक्तांचं ना-हरकत प्रमाणपत्र असल्याखेरीज बंद कारखान्याच्या जमिनीवर घरांना परवानगी देऊ नये, हा जो नियम आज आहे, त्यातला कागद फाइलमध्ये नुसता टाचलेला नको. ज्याच्या ग्रॅच्युइटीचा प्रश्न सुटलेला नाही त्याला त्याच्या जुन्या शेडमध्ये पन्नास टक्के सवलतीत कॉफी मिळाली, तरी ती गोड लागणार नाही.

उद्योगवाले वेगळंच म्हणतात, आणि माझ्या मते सगळ्यांत बळकट मुद्दा त्यांचा आहे. प्रत्येक बंद शेडचं घर केलं तर कारखान्याला परत यायला जागा उरणार नाही. आकुर्डीचं उदाहरण घ्या. जिथे चेतक बनायची त्या आकुर्डीतलं उत्पादन 2007 मध्ये थांबलं. तेव्हा कुणालाही वाटलं असतं की आता इथे टू बीएचके उगवणार. 2022 मध्ये तिथेच विजेवरच्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. मधल्या पंधरा वर्षांत तिथे सोसायटी झाली असती तर स्कूटर परत आली असती ती फक्त पार्किंगच्या वादात. म्हणून सगळ्या शेड घरांसाठी मोकळ्या करू नयेत, हे मान्य. एमआयडीसीचे भूखंड 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेले आहेत, ते त्या कामालाच राहू द्यावेत. ज्या जमिनी खासगी आहेत, मुख्य रस्त्याला किंवा मेट्रोला लागून आहेत आणि जिथे कारखाना परत येण्याची शक्यता खरोखरच संपली आहे, तेवढ्यांचाच विचार व्हावा. देहूरोडच्या दारूगोळा डेपोच्या रेड झोनमध्ये तर प्रश्नच नाही, दोन हजार यार्डांच्या आत घर बांधायलाच बंदी आहे. तरी तिथे वस्ती आहे हा भाग निराळा. आणि जमीन घेण्याआधी माती तपासावी. प्लेटिंगचं काम चाललेल्या गाळ्याखालच्या मातीत क्रोमियम असू शकतं, जुन्या छपराच्या सिमेंटच्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस. हे ब्रोशरमध्ये 'समृद्ध औद्योगिक वारसा' या सदरात येत नाही.

राहिला शेजार. औद्योगिक क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा 75 आणि रात्री 70 डेसिबल. निवासी क्षेत्रात 55 आणि 45. म्हणजे ज्या दिवशी पहिलं कुटुंब सामान घेऊन येतं त्या दिवसापासून पलीकडच्या प्रेस शॉपने, जो तिथे तीस वर्षं आहे, कुजबुजत पत्रा कापावा अशी अपेक्षा सुरू होते. औद्योगिक लुकसाठी जास्त पैसे मोजणारा माणूस औद्योगिक आवाजाची तक्रार पहिल्याच महिन्यात करतो. यावर उपाय म्हणून मधे अंतर सोडायचं असतं, आणि ते घरं बांधणाऱ्याने आपल्या जागेत सोडायचं असतं, लघुउद्योजकाने आपली मशिनं सरकवून नव्हे. शेड आणि तिच्यातली मंडई मधे उभी राहिली तर ती हे काम फुकटात करील; तिच्यामागे घरं निवांत राहतील. पण घर घेणाऱ्याला शेजाऱ्याचं वेळापत्रकही ठाऊक हवं. भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि तुमच्या रविवारी सकाळी नऊला तिथला बुधवार ऐन भरात आलेला असतो. सॅम्पल फ्लॅट दाखवणारा मुलगा 'सर, गुरुवारी या, निवांत दाखवतो' म्हणाला, तर त्याला आनंदाने हो म्हणा, फ्लॅट पाहा, चहा घ्या. पण बुकिंगचा चेक फाडण्याआधी एकदा रविवारी सकाळी आणि एकदा थर्ड शिफ्टला, रात्री एकच्या सुमाराला, त्याच खिडकीखाली जाऊन पाच मिनिटं उभे राहा.